पैसा जनतेचा, इमारत कोणाची? शाळा इमारतींचा सार्वजनिक निधी आणि बीड जिल्ह्यातील आपले काम

बीड जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत आज दोन शाळा दिसतात. एक जिल्हा परिषदेची. भिंतीवर फुले, शाहू, आंबेडकरांची चित्रे, वर पत्रे, आणि पावसाळ्यात गळणाऱ्या खोलीतील मुले शेजारच्या वर्गात दाटीवाटीने बसवलेली. दुसरी रस्त्याच्या कडेची, एखाद्या शिक्षण संस्थेची. दोन मजले, लोखंडी गेट, आणि सभागृहाच्या भिंतीवर 'अमुक निधीतून बांधकाम' असा संगमरवरी फलक. युवकांच्या एका शिबिरात आम्ही शिक्षण हक्कावर बोलत होतो, तेव्हा एका मुलाने विचारले, "त्या दोन मजली इमारतीला पण सरकारचाच पैसा लागलाय ना? मग तिथं आमच्याकडून फी का घेतात? आणि उद्या संस्था बंद पडली तर ती इमारत कोणाची?"

उपस्थित कार्यकर्त्यांपैकी कोणालाही याचे नीट उत्तर देता आले नाही. आम्हालाही नाही. हा लेख त्या प्रश्नातून आला. शाळेच्या इमारतीला सार्वजनिक पैसा कोणत्या वाटेने येतो, त्या पैशाबरोबर कोणती बंधने येतात आणि गावपातळीवर आपण काय तपासू शकतो, हे एका जागी मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. जिथे जनतेचा पैसा जातो, तिथे तीन गोष्टी मागण्याचा जनतेला हक्क आहे: दरवाजा सगळ्यांना उघडा, हिशेब सगळ्यांना खुला आणि मालकीची नोंद स्पष्ट. शाळा कोण चालवतो यावर वाद होऊ शकतात. या तीन गोष्टींवर तडजोड होऊ नये.

हा प्रश्न नवा नाही

१८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार विद्यार्थ्याला प्रवेश नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला आणि प्रकरण थेट लंडनपर्यंत गेले. त्यानंतर १८५८ मध्ये मुंबई सरकारने धोरण ठरवले की, पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना खुल्या राहतील. ज्या शाळांना सरकार अंशतः मदत करते, त्यांनी जातीच्या कारणाने कोणाला शिक्षण नाकारले तर मदत बंद करण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला. म्हणजे 'पूर्ण सरकारी' आणि 'अंशतः अनुदानित' हा फरक, आणि अनुदानाबरोबर येणारी अट, या दोन्ही गोष्टी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच प्रश्नावरून कागदावर आल्या. अंमलबजावणी मात्र फारशी झाली नाही.

१८८२ मध्ये महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारी महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गाकडे वळतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणावर पैसा खर्च करा, ही त्यांची मागणी होती.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा ही ठिकाणे, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. महाडचे चवदार तळे आपल्याला आठवते, पण या ठरावात शाळाही होत्या हे अनेकदा विसरले जाते. ठराव कागदावरच राहतो हे पाहून बोले यांनी १९२६ मध्ये पुढचे पाऊल टाकले: जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड ठराव अमलात आणणार नाही, तिचे अनुदान रोखावे.

बाबासाहेबांनी १२ मार्च १९२७ रोजी, म्हणजे महाडच्या सत्याग्रहाच्या आठच दिवस आधी, विधिमंडळात शिक्षण अनुदानावर भाषण केले. सरकार दरडोई शिक्षणावर चौदा आणे खर्च करते आणि दारूवरच्या करातून दरडोई दोन रुपये दोन आणे नऊ पै वसूल करते, हा हिशेब त्यांनी सभागृहापुढे ठेवला. जेवढे लोकांकडून घेता, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, असा त्यांचा युक्तिवाद होता. शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठराच चौथीपर्यंत पोचतात, हेही त्यांनी दाखवून दिले.

बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे मुंबई इलाख्याचे हे आदेश इथे लागू नव्हते. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला आणि २६ जानेवारी १९५० पासून संविधान लागू झाले. तेव्हा हेच तत्त्व कलम २९(२) मधून बीडपर्यंत आले: राज्याने चालवलेल्या किंवा राज्याच्या निधीतून मदत मिळणाऱ्या शिक्षण संस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणांवरून कोणालाही प्रवेश नाकारता येणार नाही. आजचा आपला प्रश्न याच वाटेवरचा पुढचा टप्पा आहे.

आधी शाळेचा प्रकार ओळखा

गावात बोलताना आपण 'सरकारी' आणि 'खासगी' असे दोनच शब्द वापरतो. प्रत्यक्षात किमान पाच प्रकार आहेत आणि प्रत्येकाच्या इमारतीचा पैसा वेगळ्या वाटेने येतो.

*जिल्हा परिषद शाळा.* १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि ग्रामीण प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आले. इमारत सार्वजनिक मालमत्ता असते. नवीन खोल्या आणि दुरुस्तीसाठी समग्र शिक्षा (केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के), जिल्हा नियोजन समितीमार्फत जिल्हा वार्षिक योजना, जिल्हा परिषदेचा स्वतःचा निधी, ग्रामपंचायतीकडे येणारा वित्त आयोगाचा निधी आणि खासदार-आमदार निधी अशा वाटा आहेत. किरकोळ दुरुस्तीसाठी समग्र शिक्षाचे संयुक्त शाळा अनुदान पटानुसार मिळते: ३१ ते १०० पटाला वर्षाला २५ हजार, १०१ ते २५० पटाला ५० हजार, २५१ ते १००० पटाला ७५ हजार रुपये. वीजबिल, खडू, स्वच्छता आणि दुरुस्ती असे सगळे त्यातच भागवायचे असते. छप्पर बदलण्याची अपेक्षा या पैशातून करता येत नाही.

*अनुदानित खासगी शाळा.* शाळा संस्थेची, शिक्षकांचा पगार सरकारचा. इमारत उभी करणे ही मुळात संस्थेची जबाबदारी असते. इमारत भाडे, देखभाल वगैरेंसाठी असलेले वेतनेतर अनुदान मध्यंतरी अनेक वर्षे बंद होते, २०१३ मध्ये ते मर्यादित स्वरूपात पुन्हा सुरू झाले.

*अंशतः अनुदानित शाळा.* २००१ मध्ये सरकारने 'कायम विनाअनुदानित' धोरण आणले. या तत्त्वावर शेकडो शाळा निघाल्या. २००९ मध्ये त्यातला 'कायम' शब्द काढला गेला आणि २०१६ पासून पात्र शाळांना २० टक्क्यांपासून टप्प्याटप्प्याने अनुदान सुरू झाले. इथे शिक्षकांनी वर्षानुवर्षे बिनपगारी किंवा तुटपुंज्या मानधनावर काम केले आहे, हे विसरता येणार नाही.

*स्वयंअर्थसहाय्यित शाळा.* २०१२ च्या कायद्यानुसार निघालेल्या या शाळांना सरकारी अनुदान नसते. डिसेंबर २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील ना-नफा कंपन्यांनाही अशा शाळा काढण्याची वाट खुली झाली.

*निवासी शाळा.* सामाजिक न्याय विभागाच्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुला-मुलींसाठीच्या शासकीय निवासी शाळा पूर्ण सरकारी आहेत. संस्थांनी चालवलेल्या आश्रमशाळा हा वेगळा प्रकार आहे. दोन्हींच्या नावात बाबासाहेब, शाहू, फुले असू शकतात, पण मालकी वेगळी असते.

सार्वजनिक पैसा खासगी इमारतीत कसा पोचतो

कागदोपत्री 'अनुदान नाही' असलेल्या शाळेलाही जनतेचा पैसा चार वाटांनी मिळू शकतो.

पहिली वाट जमिनीची. सरकारी, गायरान किंवा नगरपालिकेची जागा नाममात्र दराने मिळणे हेही अनुदानच आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये डी.ए.व्ही. कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात स्पष्ट केले की, सरकारकडून भरीव आर्थिक मदत घेणारी संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेत येते, आणि फुकट किंवा मोठ्या सवलतीत मिळालेली जमीन हीसुद्धा भरीव मदत ठरू शकते. हा निकाल प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा.

दुसरी वाट लोकप्रतिनिधींच्या निधीची. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली आणि आज वर्षाला पाच कोटी रुपये मिळतात. या निधीतून ट्रस्ट किंवा संस्थेच्या कामालाही पैसा देता येतो, पण त्यावर मर्यादा आहेत. खासदार किंवा त्यांचे कुटुंबीय ज्या संस्थेचे पदाधिकारी आहेत तिला हा निधी देता येत नाही आणि संस्थेला करार करून द्यावा लागतो. आणखी एक तरतूद आपल्यासाठी महत्त्वाची आहे: या निधीतील १५ टक्के रक्कम अनुसूचित जातींची वस्ती असलेल्या भागातील कामांसाठी सुचवायची असते. पाच कोटींवर हे वर्षाला ७५ लाख होतात. ते कोणत्या वस्तीत आणि कोणत्या कामावर गेले, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

तिसरी वाट शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के प्रवेशांची. खासगी शाळेने वंचित घटकांतील मुलांना प्रवेश दिला की सरकार प्रतिपूर्ती करते. महाराष्ट्रात हा दर अनेक वर्षे दर मुलामागे १७ हजार ६७० रुपये राहिला आहे, आणि तो वेळेवर मिळत नाही ही संस्थांची तक्रार खरी आहे. पण त्याच कायद्याच्या कलम १२(२) मध्ये एक बाजू फारशी चर्चेत येत नाही: जमीन, इमारत किंवा साधने फुकट अथवा सवलतीत मिळाल्यामुळे ज्या शाळेवर आधीच काही मुलांना मोफत शिकवण्याचे बंधन आहे, तिला तेवढ्या मुलांची प्रतिपूर्ती मिळत नाही. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने अधिसूचना काढून सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी विनाअनुदानित शाळांना या २५ टक्क्यांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या म्हणून हा दरवाजा उघडा राहिला.

चौथी वाट अल्पसंख्याक शाळांसाठीच्या पायाभूत सुविधा अनुदानाची. तिच्याकडे आपण पुढे येऊ.

अमेरिकेतील चार्टर शाळांचा धडा

'सरकारने पैसा द्यावा, संस्थेने शाळा चालवावी' या विचाराचे जगातले सर्वात चर्चित रूप म्हणजे अमेरिकेतील चार्टर शाळा. १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने पहिला कायदा केला आणि १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात पहिली शाळा सुरू झाली. सरकार दर विद्यार्थ्यामागे पैसा देते, फी नसते, संस्था करारानुसार शाळा चालवते. आपल्या अनुदानित शाळेची आठवण यावी असाच हा प्रकार आहे.

तिथेही खरी अडचण इमारतीची झाली. विद्यार्थ्यामागे मिळणारा पैसा शिकवण्यासाठी असतो, इमारतीसाठी सरकारी शाळांना मिळणारे स्थानिक कर्जरोखे चार्टर शाळांना बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत. मग शिकवण्याच्या पैशातूनच भाडे जाते. कॅलिफोर्नियात २००० साली मतदारांनी 'प्रस्ताव ३९' मंजूर केला. त्यानुसार जिल्ह्यांनी आपल्या शाळा इमारतींतील जागा चार्टर शाळांच्या मुलांनाही द्यायची. त्यातून एकाच आवारात दोन शाळा, मैदान कोणाचे, ग्रंथालय कोणाचे, असे तंटे उभे राहिले.

ओहायो राज्यातला अनुभव अधिक बोलका आहे. तिथे काही चार्टर शाळांनी व्हाइट हॅट नावाच्या व्यवस्थापन कंपनीशी करार केले. सार्वजनिक निधीतला फार मोठा भाग कंपनीकडे जात असे आणि त्यातून ती शाळेचे फर्निचर आणि साधने घेत असे. करार संपल्यावर शाळांनी सामान मागितले. सप्टेंबर २०१५ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने करारातील अट मान्य केली: सामान कंपनीच्या नावावर आहे, शाळांना हवे असेल तर त्यांनी ते विकत घ्यावे. जनतेने एकदा पैसे दिलेल्या वस्तूसाठी पुन्हा पैसे मोजण्याची वेळ आली.

आपल्यासाठी धडा असा की, शाळा चांगली चालते की वाईट हा वेगळा मुद्दा आहे. मालमत्तेची नोंद पहिल्या दिवशी कोणाच्या नावावर झाली, यावर शेवटच्या दिवशीचे उत्तर ठरते.

दत्तक शाळा आणि समूह शाळा

महाराष्ट्रात असाच प्रश्न सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या दारात आला. १८ सप्टेंबरच्या शासन निर्णयाने दत्तक शाळा योजना जाहीर झाली. कंपनी, संस्था किंवा व्यक्ती सरकारी शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घेऊ शकते. ग्रामीण भागात पाच वर्षांसाठी ५० लाख आणि दहा वर्षांसाठी एक कोटी रुपये असे मूल्य ठरले. रोख रक्कम घ्यायची नाही, वस्तू आणि सेवा घ्यायच्या. देणगीदाराला त्या काळापुरते आपल्या पसंतीचे नाव शाळेला देता येते.

आम्ही देणगीला विरोध करत नाही. बीडमधल्या कितीतरी शाळांना गावकऱ्यांनी, माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून रंग दिला आहे, संगणक दिले आहेत. आमचा आक्षेप वेगळा आहे. ज्या शाळेचा रस्ता चांगला, तालुका जवळ, तिला देणगीदार मिळेल. डोंगरपट्ट्यातील तांड्यावरच्या किंवा आपल्या वस्तीतल्या शाळेला कोण दत्तक घेणार? इमारत हा हक्क असेल तर ती मिळणे देणगीदाराच्या पसंतीवर अवलंबून राहू शकत नाही.

त्याच महिन्यात शिक्षण आयुक्तालयाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या 'समूह शाळा' करण्यासाठी प्रस्ताव मागवले. त्या वेळच्या आकडेवारीनुसार राज्यात अशा १४ हजार ७८३ शाळा होत्या आणि त्यांत १ लाख ८५ हजार ४६७ विद्यार्थी शिकत होते. शिक्षण हक्क नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असली पाहिजे.

बीडमध्ये कमी पटाचे एक कारण सगळ्यांना माहीत आहे. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, आईबाप कोयत्यावर जातात आणि मुले त्यांच्याबरोबर फडावर जातात. शाळेत नाव असते, मूल नसते. मूल गावातच राहावे म्हणून शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहे चालतात, आणि ती चालवण्यासाठी गावात शाळेची इमारत लागते. एका ऊसतोड आईने आम्हाला सांगितले, "सर, शाळा हाय म्हणून पोरगी आजीपाशी ऱ्हाती. शाळा लांब गेली तर तिला बी संगट न्यावं लागंल." एक इमारत बंद झाली की एका मुलीचे शिक्षण थांबते आणि तिच्या हाती कोयता येतो, हे इथले वास्तव आहे.

२०२१ मध्ये जाहीर झालेल्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेत ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत प्रत्येकी शंभर क्षमतेची ८२ वसतिगृहे ठरली. सुरुवात भाड्याच्या इमारतींत झाली. भाड्याची इमारत ही सोय आहे, व्यवस्था नव्हे. स्वतःच्या इमारतीसाठी जागा आणि निधी कुठवर आला, याचा पाठपुरावा आपल्या संघटनांनी तालुक्यातालुक्यात करायला हवा.

सुरक्षित इमारत हा मूलभूत हक्क आहे

आष्टी तालुक्याला लागून असलेल्या नगर जिल्ह्यात, निंबोडी गावी, २८ ऑगस्ट २०१७ रोजी जिल्हा परिषद शाळेचे छत कोसळले आणि तीन विद्यार्थ्यांचा जीव गेला. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी गावच्या सरकारी शाळेचे छत पडून सात मुले गेली. खासगी इमारती सुरक्षितच असतात असेही नाही. तामिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी लागलेल्या आगीत ९४ मुले दगावली. तिथे एकाच इमारतीत एकाच व्यवस्थापनाच्या अनेक शाळा भरत होत्या, त्यांत अनुदानित शाळाही होती.

कुंभकोणमनंतर दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी सांगितले की, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क समाविष्ट आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाने तर यादीच दिली आहे: सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण आणि दिव्यांग मुलांना अडथळ्याविना प्रवेश. ही यादी सरकारी आणि खासगी दोन्ही शाळांना लागू आहे.

आपल्या संस्थांनाही तीच फूटपट्टी

बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ मध्ये लष्करी बराकींत सुरू झाले. १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू झाले, तेच पुढचे मिलिंद. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली. इमारतीसाठी हैदराबाद राज्याकडून कर्ज मिळाले होते. म्हणजे खासगी संस्थेच्या इमारतीला सार्वजनिक पैसा लागणे यात मुळात काही गैर नाही. मराठवाड्यातील आपल्या दोन पिढ्या तिथे शिकल्या, कारण तो पैसा ज्या मुलांसाठी होता त्यांच्यापर्यंत पोचला आणि दरवाजा सर्व जातींना उघडा होता.

बौद्ध समाज १९९३ पासून राष्ट्रीय पातळीवर अधिसूचित अल्पसंख्याक आहे. कलम ३०(१) नुसार आपल्याला शिक्षण संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे, आणि कलम ३०(२) नुसार मदत देताना राज्य भेदभाव करू शकत नाही. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची एक योजना ७० टक्क्यांहून अधिक अल्पसंख्याक विद्यार्थी असलेल्या शाळांना दुरुस्ती, पाणी, स्वच्छतागृह, प्रयोगशाळा, फर्निचर अशा कामांसाठी ठराविक मर्यादेपर्यंत अनुदान देते. आपल्या संस्थाचालकांनी तिची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयातून घ्यावी.

पण अल्पसंख्याक दर्जा म्हणजे हिशेबातून सुटका नव्हे. मे २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळले, म्हणून २५ टक्क्यांचे बंधन त्यांच्यावर नाही. तरीही सार्वजनिक पैसा घेतल्यावर कलम २९(२) आणि माहिती अधिकार लागू राहतातच. बाबासाहेबांचे नाव फलकावर लावून इमारत कुटुंबाच्या नावावर करणारे आपल्यातही निघाले, तर त्यांना हेच प्रश्न विचारले पाहिजेत. नाहीतर इतरांना विचारण्याचा नैतिक अधिकार आपल्याला उरणार नाही.

गावात जाऊन काय तपासाल

१. शाळेची जमीन कोणाच्या नावावर आहे, हे सातबारा, नमुना ८ किंवा मिळकत पत्रिकेवर पाहा. संस्था, ट्रस्टी व्यक्तिशः, ग्रामपंचायत की सरकार, हे नेमके लिहून घ्या.

२. संस्था सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय कार्यालयातील परिशिष्ट एकवर तिच्या मालमत्तेची नोंद असते. शाळेची इमारत त्यात आहे का ते पाहा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासाची स्थावर मालमत्ता विकता येत नाही किंवा दीर्घ भाडेपट्ट्याने देता येत नाही.

३. भिंतीवरील निधीचा फलक वाचा, त्याचा फोटो घ्या. योजना, वर्ष आणि रक्कम टिपा. प्रशासकीय मान्यता, करारनामा आणि पूर्णत्वाचा दाखला यांच्या प्रती माहिती अधिकारात मागा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

४. जिल्हा परिषद शाळेतील धोकादायक खोल्यांचे बांधकाम लेखापरीक्षण झाले आहे का, निर्लेखनाचा प्रस्ताव कधी गेला आणि तो कोणत्या टेबलावर आहे, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारा. जुनी खोली निर्लेखित झाल्याशिवाय नवीन खोलीचा प्रस्ताव पुढे सरकत नाही, असा आमचा अनुभव आहे.

५. शाळा व्यवस्थापन समितीत जा. कायद्याच्या कलम २१ नुसार तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात, वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा हव्यात. कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा हीच समिती करते आणि अनुदानाचा पाया तोच आराखडा असतो. सही करण्यापुरते सदस्यत्व घेऊ नका.

६. आराखड्यातील मागणी ग्रामसभेच्या ठरावात आणा, ठरावाची प्रत ठेवा आणि जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीआधी पालकमंत्री व जिल्हाधिकारी यांना द्या. मार्चअखेर निधी परत जातो, म्हणून पाठपुरावा ऑक्टोबरपासून करा.

७. शाळा दत्तक जात असेल किंवा समूह शाळेत जात असेल तर तीन गोष्टी लेखी मागा: मालमत्तेची यादी, करार संपल्यावर ती कोणाची, आणि रिकाम्या इमारतीचे काय होणार. बंद शाळेची इमारत वाचनालय, अंगणवाडी किंवा अभ्यासिकेसाठी गावाकडेच राहावी, असा ठराव ग्रामसभेत आधीच करून ठेवा.

शेवटी

त्या शिबिरातल्या मुलाला आम्ही पुढच्या भेटीत उत्तर दिले. त्या दोन मजली इमारतीला सरकारचा पैसा किती लागला, हे त्याने स्वतः शोधावे म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज त्याच्याच हाताने लिहून घेतला. दहा रुपयांचा तिकीटस्टॅम्प लावला आणि तो अर्ज त्याने स्वतः तालुक्याला नेऊन दिला. अर्जाच्या पोचपावतीची प्रत आज गावातल्या बुद्धविहारातील फाईलमध्ये आहे.

चवदार तळ्याचे पाणी सार्वजनिक आहे हे ठरावाने जाहीर झाले होते, पण लोक तिथे चालत जाईपर्यंत ते खुले झाले नाही. शाळेच्या इमारतींचेही तसेच आहे. कायदा आपल्या बाजूने आहे, आकडे मागता येतात, कागद मिळतात. तालुक्यातालुक्यात पाच-पाच युवकांनी एकेक शाळा घेऊन ही सात कामे केली, तर एका वर्षात बीडच्या अकरा तालुक्यांतील शाळा इमारतींची नोंद आपल्याकडे तयार होईल. पुढची मागणी त्या नोंदीच्या आधारावर करता येईल.

जय भीम!